क्लॅरिनेटचा कागद

“कान गेले मास्तरांचे. आता कुठवर सांभाळून घ्यायचं?”

पडद्यापलीकडून हे ऐकू आलं. बोलणारे आमचे बोरीकर सर. गंगाखेडचा कार्यक्रम नुकताच संपला होता. मैदानात खुर्च्या एकात एक घालून रचणं चाललं होतं आणि मी मंचावर स्टँडवरचे सुरांचे कागद गोळा करत होते.

“अहो सर, चाळीस साल माणूस ढोलाच्या बाजूला उभा राहिलाय,” रज्जाकभाई म्हणाले. ते आमच्याकडे मोठा ढोल वाजवतात. “कान काय लोखंडाचे असतात का? निम्मा कसूर माझाच धरा.”

दोघंही हसले. त्या हसण्यात वाईट काही नव्हतं, उलट हळहळच होती. माझ्या हातात त्या वेळी शेषेराव मास्तरांचा, म्हणजे क्लॅरिनेटचा कागद होता. मी तो सहज वाचला. पुन्हा वाचला. मग पेटीचा कागद काढून शेजारी धरला. दोन्ही कागद पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत सारखे होते.

ते सारखे असायला नको होते.

पडदा चार पावलांवर होता. मी कागदाची घडी घातली आणि पिशवीत ठेवून दिली.

‘ऑर्केस्ट्रात आहे’ असं मी परभणीत कुणाला सांगितलं की समोरच्या माणसाच्या डोळ्यांपुढे चमकणारे कोट आणि ‘वन्स मोअर’ येतो. मग मी गाते का, असं विचारतात. मी गात नाही. आमचा तसा ऑर्केस्ट्राही नाही. बोरीकर सर शाळेत संगीत शिकवायचे. निवृत्त झाल्यावर त्यांनी जिल्ह्यातली वाजवणारी माणसं एकत्र आणली. भजनी मंडळांतले पेटीवाले आणि मृदंगवाले, लग्नाच्या बँडमधले क्लॅरिनेट-ट्रंपेटवाले, दोन व्हायोलिनवाले शिक्षक, सुषमाताई नावाच्या गाणाऱ्या बाई. एकूण बावीस जण. रविवारी सकाळी एका शाळेच्या वापरात नसलेल्या चित्रकलेच्या खोलीत तालीम होते. खिडकीवर अजून कुणीतरी काढलेली जांभळी कोंबडी आहे.

आमची एक रीत आहे. ज्या गावात कार्यक्रम, त्या गावचंच गाणं आधी वाजवायचं. पंधरा दिवस आधी मी त्या गावी जाते. गावात पूर्वी काय म्हणत होते, काय वाजवत होते, हे विचारून फोनवर ध्वनिमुद्रित करते. घरी येऊन ते कागदावर उतरवते आणि प्रत्येक वाद्याचा वेगळा कागद करते. म्हणून मला सगळे ‘कागदवाली मॅडम’ म्हणतात. कार्यक्रमात मी मागच्या कोपऱ्यात कीबोर्डवर असते. तो कोपरा मीच मागून घेतला.

गावचं गाणं मिळवणं सोपं नसतं. एका गावात दोन गल्ल्यांचं जमेना, तर सरपंच म्हणाले, माझ्या नावाचंच नवीन गाणं करा, म्हणजे भांडण मिटेल. पिंगळीला एक निवृत्त गँगमन भेटले. रेल्वेचे रूळ सरकवताना सगळ्यांचा जोर एकदम लागावा म्हणून ते लोक एक हाळी म्हणायचे. ती मला हवी होती. काका लाजून लाल झाले.

“मॅडम, याचे शब्द तुमच्यापुढं म्हनता येत न्हाईत. नुसती चाल घ्या.”

त्यांनी तोंड मिटून चाल गुणगुणली. आम्ही ती सगळ्या वाद्यांवर वाजवली. पहिल्याच ओळीला मैदानातली सगळी म्हातारी पुरुषमंडळी खो खो हसायला लागली आणि बायका एकमेकींना विचारायला लागल्या, काय झालं हो हसायला? काका पुढच्या रांगेत होते. ते हसत होते आणि डोळे पुसत होते. ती चाल आता रेल्वेला लागत नाही, तिथे यंत्रं आली. बावीस माणसांनी ती एकदम उचलून धरली, एवढंच आम्ही केलं. पण आमचं काम म्हणजे काय, असं कुणी विचारलं तर मला तो माणूस आठवतो.

मी बोलत नाही, असं म्हणतात. त्याचं कारण साधं आहे. शाळा इंग्रजी माध्यमाची, तिथे मराठी बोललं की शिक्षा. घरी बाबा कारकून, आई शिक्षिका, दोघंही कामात. वाद्यवृंदात आले तेव्हा माझी मराठी ऐकून लोक गालात हसायचे. एकदा सर म्हणाले, गाणं क्रमांक एकोणसाठ काढा. मी एकोणसत्तर काढलं. तेव्हापासून रज्जाकभाई ओरडतात, “मॅडमला फिफ्टी नाइन सांगा हो, फिफ्टी नाइन!” त्यात माया आहे हे मला कळतं. पण तेव्हापासून मी सांगायचं ते फळ्यावर लिहू लागले.

तालमीचा पहिला नियमही मी फळ्यावरच लिहिला होता: ‘काही झालं तरी कागद सोडायचा नाही.’ आमची निम्मी माणसं कानाने वाजवणारी. कुठे अडलं की प्रत्येक जण आपल्या मनाने वाट काढायचा आणि बावीस वाटा व्हायच्या. कागद धरून राहिलं की हरवलेला माणूस पुढच्या ओळीला परत सापडतो.

हा नियम सगळ्यांत मनावर घेतला तो शेषेराव मास्तरांनी. ते राणीसावरगावचे. त्यांचे आजोबा निजामाच्या पलटणीच्या बँडमध्ये होते, वडिलांनी लग्नाचा बँड काढला, तो मास्तरांनी चालवला. लग्नांत डीजे आल्यावर बँडचे लाल डगले ट्रंकेत गेले. मास्तरांचा उजवा कान ढोलाने अधू केला होता. आमच्याकडे आले तेव्हा त्यांना वाचता येत होतं, पण सुरांचा कागद त्यांनी आयुष्यात पाहिला नव्हता. साठी उलटलेला माणूस रविवारी तासभर आधी यायचा. मी टेबलाच्या या बाजूला, ते त्या बाजूला. मी पेन्सिलीने दाखवायची, ते फुंकायचे. बोलणं जवळजवळ नसायचं, आणि त्यामुळेच मला ती वेळ आवडायची. एके दिवशी पूर्ण पान न चुकता वाजवून झाल्यावर त्यांनी क्लॅरिनेट मांडीवर ठेवलं.

“मॅडम,” ते म्हणाले, “आता कानाचं भेव न्हाई. कान चकवा देईल. तुमचा कागद देणार न्हाई.”

आता क्लॅरिनेटची गोष्ट सांगायला हवी, कारण चूक तिथेच झाली. आमच्या कागदावर ‘सा’ म्हणजे पेटीची ‘पांढरी एक’ ही पट्टी, ही खूणगाठ कायम असते. पण क्लॅरिनेटवर ‘सा’ची बोटं धरून फुंकलं तर पेटीचा सा निघत नाही. त्याच्याहून एक अख्खा सूर खालचा आवाज निघतो. त्या वाद्याची घडणच तशी. म्हणून क्लॅरिनेटचा कागद मुद्दाम एक सूर वर लिहावा लागतो. पेटीच्या कागदावर ‘सा’ असेल तिथे मास्तरांच्या कागदावर ‘रे’. मग दोघांचा आवाज एक येतो. म्हणजे पेटीचा आणि क्लॅरिनेटचा कागद कधीच सारखा असू शकत नाही.

गंगाखेडला पहिलं गाणं तिथल्या बायकांचा पाळणा होता. सुरुवात एकट्या क्लॅरिनेटची, मग सगळे. कार्यक्रमाच्या दुपारी सुषमाताईंचा घसा बसला. सर म्हणाले, पट्टी पांढरी दोनवरून पांढरी एकवर आणा. म्हणजे सगळं एक सूर खाली. मी एसटीत मांडीवर वही ठेवून नवे कागद लिहायला घेतले. रस्ता कसा आहे ते त्या बाजूच्या लोकांना माहीत आहे. पेटीचा कागद झाला, व्हायोलिनचा झाला, आणि घाईत क्लॅरिनेटसाठी मी पेटीचाच कागद जसाच्या तसा उतरवला. गंमत म्हणजे मी काहीच न लिहिता पेटीचा जुना, म्हणजे एक सूर वरचाच कागद मास्तरांच्या हातात दिला असता, तर तो अगदी बरोबर ठरला असता. हे मला नंतर सुचलं.

पाळणा मास्तरांनी सुरू केला. एकट्याचं वाजत होतं तोवर सुरेख वाटलं. मग सगळे वाजवायला लागले आणि ऐकवेना. क्लॅरिनेट बाकीच्यांहून एक अख्खा सूर खाली, प्रत्येक जागी. लोक एकमेकांकडे बघू लागले. बायकांच्या रांगेतून हसू आलं. सर हाताने खुणा करत होते. मास्तर थांबले नाहीत. त्यांनी एकदाच मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा कागदात डोळे घालून शेवटच्या ओळीपर्यंत वाजवत राहिले. मी खाली कीबोर्डकडे बघत होते. खरं सांगायचं तर त्या वेळी मलाही वाटलं, मास्तर चुकले.

दुसऱ्या दिवशी त्याची चित्रफीत मोबाइलवरून फिरायला लागली. खाली हसणारी पिवळी तोंडं. कुणी लिहिलं होतं, कान धुऊन घ्या मास्तर. बाकी सगळं आता सरलं असलं तरी तालुक्यात त्या माणसाचा सूर पक्का, एवढी एक गोष्ट त्यांच्याकडे उरली होती. ती माझ्या एका कागदाने गेली.

रविवारी मास्तर आले नाहीत. पुढच्या रविवारीही नाही. तिसऱ्या रविवारी त्यांच्या गावच्या एका माणसाबरोबर कापडी पिशवी आली. आत मी लिहून दिलेले सगळे कागद होते, क्रमाने लावलेले.

या दिवसांत मी सरांना तीनदा संदेश लिहिला आणि तीनदा पुसला. सरांनी मास्तरांचा विषय काढला की मी कागद जुळवत बसायची. पिशवी आली तेव्हा सरांनी आतले कागद चाळून पाहिले. मग माझ्याकडे वळले.

“तुमच्या कीबोर्डवर क्लॅरिनेटचा आवाज आहे ना?”

मी मान हलवली.

“मग मास्तरांचं तुम्हीच वाजवा आता. राणीसावरगावचा कार्यक्रम तोंडावर आलाय. दुसरा माणूस कुठून आणू?”

राणीसावरगावचं गाणंही ठरलेलं होतं. त्याला शब्द नव्हतेच. वऱ्हाड वेशीपाशी आलं की बाकीचा बँड थांबायचा आणि एकटं क्लॅरिनेट एक लहानशी धून वाजवायचं, शिवारातल्या माणसांना कळावं म्हणून. ती धून मास्तरांच्या वडिलांनी बसवलेली. डीजे आल्यापासून वेशीत ती कुणी ऐकली नव्हती. मास्तरांनी ती गंगाखेडच्या आधीच मला वाजवून दाखवली होती आणि मी ती उतरवून घेतली होती. म्हणजे मास्तरांचं नाव मी घालवायचं, आणि त्यांच्या वडिलांची धून त्यांच्याच गावात मी बटण दाबून वाजवायची.

त्या दिवशी घरी जाऊन मी क्लॅरिनेटचा एकेक कागद पेटीच्या कागदाशेजारी ठेवून तपासला. बाकी सगळे बरोबर होते. प्रत्येकाच्या माथ्यावर मी लाल शाईने लिहिलं, ‘एक सूर वर’. मग तो गंगाखेडचा कागद पेटीच्या कागदासह वेगळा घेतला, बाकीचे पुन्हा पिशवीत भरले आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने निघाले. गंगाखेडला गाडी बदलली. सांगायचंच, असं ठरवून निघाले होते. काय बोलायचं ते वाटेत मनात पन्नास वेळा जुळवलं. वाक्य आधी इंग्रजीत तयार व्हायचं, मग त्याची मराठी करताना ते मोडायचं.

मास्तर ओट्यावर बसून क्लॅरिनेटच्या सांध्यांना मेण लावत होते. काकूंनी सतरंजी टाकली.

“बस ग माय. उन्हाचं आलीस. पानी घे आधी.”

मी पाणी प्यायले. जुळवलेलं एकही वाक्य आठवेना. मी कागद काढून मास्तरांपुढे ठेवला आणि शेजारी पेटीचा ठेवला. बोट ठेवून दाखवायला गेले, तर त्यांनी हात वर केला.

“मला ठावं हाय.”

“कधीपासून?” माझ्या तोंडून निघालं.

“गंगाखेडलाच. सगळे वाजवाया लागले तवा. एक कान गेलाय मॅडम, दुसरा हाय की.” ते मेण लावत राहिले. “पेटीचा कागद मला दिला तुमी. म्हनून तर तुमच्याकडं बघितलं.”

“मग तुम्ही बोटं बदलून का नाही घेतली? तुम्हाला सहज जमलं असतं.”

“तुमीच लिवलं व्हतं फळ्यावर. कागद सोडायचा न्हाई.”

काकू आत गेल्या होत्या. मी पेटीच्या कागदाची घडी घातली.

“सरांना का नाही सांगितलं?”

“सांगितलं असतं तर काय म्हनले असते? म्हातारा बहाना करायलाय. आन् दुसरं म्हंजे, मॅडम, कागदच खोटा हाय असं मी म्हनलो, तर ती सगळी भजनी मंडळी पुन्हा आपापल्या कानानं वाजवायला मोकळी. त्यांचे कान शाबूत हायेत. माझं काय? कागद गेला की मी गेलो.” त्यांनी सांधा बसवून पाहिला. “मी म्हनलो, पोरगी बोलल. पिशवीबी त्याचसाठी धाडली. म्हनलो, आता तरी बोलल.”

“बोलायलाच आलेय मी.”

“हितं?” ते पहिल्यांदा हसले. “हितं मी आन् ही, दोघंच. आमाला ठावंच हाय. हसले ते लोक हितं न्हाईत.”

काकूंनी चहा आणला. निघताना मी त्यांच्या कागदांची पिशवी पुढे केली. त्यांनी ती घेतली नाही.

“कार्यक्रमाला येईन मी,” ते म्हणाले. “माझ्या बापाची धून हाय. ऐकाया येईन.”

परत येताना मी ठरवलं, सरांना आधी सांगायचं नाही. ते म्हणाले असते, झालं गेलं, कशाला काढता, मी बघतो मास्तरांचं. सरांनी ते खासगीत मिटवलं असतं आणि मला बरंच वाटलं असतं. मला माझी ओळख आहे. मी आठवडाभर घराच्या गच्चीवर जाऊन मोठ्याने बोलायचा सराव केला. शेजारच्या काकूंनी आईला विचारलंसुद्धा, मुलगी नाटकात आहे का?

राणीसावरगावला शाळेच्या पटांगणात मंच होता. ऊन उतरलं तसे लोक यायला लागले. बैलगाडीच्या जुवावर पोरं बसली होती, भिंतीवर बाया. मास्तर पुढे बसले नाहीत. उजवीकडे लिंबाखाली, धुतलेलं धोतर, टोपी, आणि मांडीवर क्लॅरिनेटची काळी लांबट पेटी. ऐकायला येणारा माणूस वाद्य घेऊन येत नाही.

मागच्या बाकावरून कुणी तरी म्हणालं, “मास्तर, आज बिनघोर ऐका! आज मशीन वाजवनार हाय!” आणि आजूबाजूचे हसले. मास्तरांनी मान वळवली नाही. कदाचित आवाज उजव्या कानाच्या बाजूने आला असेल. तसं मला वाटत नाही.

निवेदन सुषमाताईंनी केलं. गावचं गाणं, वेशीची धून, वगैरे. सर उभे राहिले, दोन्ही हात वर केले आणि माझ्याकडे बघून हलकी मान हलवली. सुरुवात माझी होती. कीबोर्डवर क्लॅरिनेटचं बटण मी आधीच दाबून ठेवलं होतं, त्याचा लहान हिरवा दिवा लागला होता. कागद समोर होता. पहिलाच सूर, लांब, एकट्याचा.

मी बटण बंद केलं.

सरांचे हात वरच राहिले. रज्जाकभाई ढोलामागून कुजबुजले, “मॅडम, फिफ्टी नाइनच हाय हो, बरोबर हाय.” मी खुर्ची मागे सारली. कोपऱ्यातून मंचाच्या मध्यापर्यंत व्हायोलिनवाले, पेटीवाले, मृदंग यांच्यामधून वाट काढत जावं लागतं. एक स्टँड माझा धक्का लागून कलला, तो कुणीतरी धरला. सुषमाताईंनी काही न विचारता माइक माझ्या हातात दिला. माझ्या दुसऱ्या हातात गंगाखेडचा कागद होता, घड्या पडून मऊ झालेला.

सर हळू आवाजात म्हणाले, “काय झालं?” लिंबाखाली मास्तर बसले होते तसेच होते, फक्त पेटीच्या दोन्ही कड्यांवर त्यांची बोटं होती.

गच्चीवर पाठ केलेलं सगळं त्या क्षणी गेलं. इंग्रजीतही काही आलं नाही. माझा स्वत:चा श्वास कर्ण्यांतून मोठा होऊन मला ऐकू आला, आणि मग माझा आवाज.

“गंगाखेडला मास्तरांचा सूर चुकला नव्हता. त्यांच्यापुढचा कागद चुकला होता, आणि तो मी लिहिला होता. त्यांना ते तिथेच कळलं होतं, तरी माझा नियम पाळायचा म्हणून ते शेवटपर्यंत वाजवत राहिले, आणि लोक हसले तेव्हा मी खाली मान घालून गप्प बसले. मास्तर, हे मशीन मी बंद केलंय. वर या, तुमच्या वडिलांची धून तुम्हीच सुरू करा.”